काळ्या पेटीतली भाकरी

मुंबईच्या हेड ऑफिसातून पत्र आलं की आमच्या जीपला आता काळी पेटी बसवणार, तेव्हा सगळ्यात जास्त आनंद आमच्या मेस्त्रीला झाला. मेस्त्री दिवसा पाड्यापाड्यांवरचे हातपंप दुरुस्त करायचा आणि संध्याकाळी भजनी मंडळात पहिला आवाज लावायचा. मंडळाची पेटी दोन वर्षं आजारी होती. तिच्या भात्यात उंदरांनी संसार थाटला होता, आणि 'सा' दाबला की 'सा' सोडून बाकी सगळं ऐकू यायचं.

"बघ ड्रायवर," मेस्त्री म्हणाला, "मुंबईवाल्यांना कलाकाराची कदर हाय. पण गाडीत पेटी बसवायची कुठं? आनि तू स्टेअरिंग धरलंस तर वाजवनार कोन?"

"तू वाजव. भाता मी मारतो, क्लचवरचा पाय काढून."

दोन दिवस मेस्त्रीनं आख्ख्या जव्हारात बातमी फिरवली. तिसऱ्या दिवशी मुंबईहून एक इंजिनीअर आला. त्याच्या हातात हार्मोनियम नव्हती. डब्याएवढा एक काळा ऐवज होता, वर काच, पुढं काटा आणि खाली कुलूप. त्यानं आमच्या जीपचा जुना स्पीडोमीटर उपटला आणि तिथं हा डबा ठोकला. भजनी मंडळाचे पाच जण हात जोडून उभे होते, ते तसेच हात सोडून घरी गेले.

दोन हजार साल उजाडायला तेव्हा दोन-तीन वर्षं होती. आमचा जिल्हा ठाणे. पालघर म्हणजे नुसतं रेल्वे स्टेशन. आमची संस्था छोटी. जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांतले बिघडलेले हातपंप दुरुस्त करायचे, एवढंच तिचं काम. एक साहेब, एक मेस्त्री, एक जीप आणि तिचा ड्रायव्हर, म्हणजे मी.

आता माझ्याबद्दल. त्या काळी माझ्यासारखा ड्रायव्हर कसाऱ्यापासून डहाणूपर्यंत दुसरा नव्हता, हे मी स्वतः सांगत नाही, मी तेव्हा सगळ्यांना सांगत होतो. जव्हारहून ठाण्याला मी एकदा इतक्या लवकर पोचलो होतो की निघताना प्यालेला चहा पोटात अजून गरम होता. मोखाड्याच्या वळणांवर माझ्या जीपची सावली मागं राहायची आणि दहा मिनिटांनी धापा टाकत येऊन गाडीखाली बसायची. एसटी स्टँडच्या बाहेर काळी-पिवळीवाले उभे असायचे, त्यांना मी हे रोज ऐकवायचो. ते ऐकायचे, कारण सीट भरेपर्यंत त्यांना दुसरा उद्योग नसायचा.

इंजिनीअरनं डब्याचं झाकण उघडून दाखवलं. आत मेणकट कागदाची गोल चकती. तिच्या कडेला चोवीस तासांचे आकडे छापलेले. वर तीन बारीक सुया. गाडी चालली की एक सुई वेग ओरखडते, दुसरी अंतर मोजते, तिसरी गाडी चालू आहे की उभी ते लिहिते. रोज सकाळी नवी चकती घालायची, संध्याकाळी जुनी काढायची. किल्ली साहेबांकडे.

मेस्त्रीनं ती चकती हातात धरून उलटसुलट पाहिली. "नागलीची भाकरी दिसते," तो म्हणाला. "रोज एक खाते म्हना तुमची पेटी."

झालं. त्या दिवसापासून चकतीचं नाव भाकरी पडलं. साहेबसुद्धा आठवड्याभरात म्हणायला लागले, "ड्रायव्हर, आजची भाकरी काढली का?"

साहेब घाटावरचे, बी.एस्सी. झालेले, कानामागं पेन्सिल. वाईट माणूस मुळीच नव्हते. फक्त त्यांना कागदावर रेघ दिसली की तिचा अर्थ लावल्याशिवाय जेवण जात नसे. पहिली भाकरी त्यांनी खिडकीशी नेली, भिंग लावलं, पट्टी लावली, आणि सगळ्यांसमोर निकाल सांगितला.

"सगळ्यात जास्त वेग बेचाळीस. तोही उतारावर."

मी म्हणालो, "साहेब, यंत्र नवीन आहे. लाजत असेल."

"सात दिवस बघू," साहेब म्हणाले.

सात दिवस बघितलं. यंत्राची लाज काही गेली नाही. बेचाळीस, अडतीस, चाळीस, बेचाळीस. वांगणीच्या रस्त्याला गेलो त्या दिवशी तर बावीस. त्या रस्त्यावर खड्ड्यांच्या मधे मधे रस्ता होता, आणि ती भाकरी अशी दातेरी निघाली की जणू उंदरानं कुरतडली. खरं सांगायचं तर मी आयुष्यभर जपून गाडी चालवली. वळणावर हॉर्न दिला, बैल दिसला की थांबलो, कोंबडी दिसली तरी थांबलो. पण ही काही चारचौघांत सांगायची गोष्ट नव्हती. लोकांना भीती असते की यंत्र आपला बेफामपणा पकडेल. माझा सभ्यपणा पकडला गेला. स्टँडवर काळी-पिवळीवाल्यांनी माझं नाव 'बेचाळीस' ठेवलं. "ओ बेचाळीस, चहा घेणार का, की गार होईल?"

तेही मी पचवलं असतं. पण साहेबांनी ऑफिसच्या भिंतीवर एक तारखेपासून एकतीस तारखेपर्यंत खिळे ठोकले आणि प्रत्येक खिळ्याला त्या त्या दिवसाची भाकरी टांगली. त्यांच्या मते त्यामुळं कामाला शिस्त येणार होती. ऑफिसात येणारा प्रत्येक माणूस आधी भिंत वाचायचा. पंप बिघडल्याचा अर्ज घेऊन आलेला सरपंच अर्ज खिशातच ठेवून विचारायचा, "परवा साडेदहाला चार मिनिटं कशाला थांबला होतास?" आता साडेदहाला चार मिनिटं माणूस झाडामागं कशाला थांबतो? पोस्टमननं तर दोन दिवसांच्या भाकऱ्या शेजारी शेजारी धरून मला सांगितलं की सोमवारी माझं पोट बिघडलं होतं. खरंच बिघडलं होतं. ते माझ्या बायकोलासुद्धा मी सांगितलं नव्हतं.

अशी पंधरा-वीस दिवसांची भिंत भरली आणि एक गोष्ट सगळ्यांच्या एकदम नजरेला आली. रोजच्या भाकरीला एकाच जागी चावा होता. दुपारी सव्वाबारा ते एक. मेस्त्रीला मोखाड्याच्या बाजूच्या एखाद्या पाड्यावर सोडून मी पाइप आणायला रिकामी गाडी घेऊन जव्हारला परत यायचो, त्या वाटेवर पाऊण तास गाडी उभी. साहेबांनी अंतराची रेघ मोजली. जागा वाटेवरच्या पोशेरा गावात येत होती. रोज पोशेऱ्यात. रविवार सोडून.

"ड्रायव्हर," साहेबांनी विचारलं, "हे काय आहे?"

काय होतं ते मी वाचकांना सांगून टाकतो, कारण त्यांच्याकडं भिंत नाही आणि खिळेही नाहीत.

माझ्या लग्नाच्या बोलणीत सासऱ्यांनी शिक्षण विचारलं होतं. सासरे कारकून माणूस, पोरगी दहावी पास. मी म्हणालो, "मॅट्रिक." तेवढंच म्हणालो. 'पास' हा शब्द सासऱ्यांनी त्यांच्या मनात जोडला, आणि मी तो तोडायला गेलो नाही. माझं गणित राहिलं होतं. बाकी सगळे विषय सुटले, गणित तेवढं मानेवर बसून राहिलं. माझ्या तोंडातून आकडा बाहेर पडताना फुगतो ही खोड तुमच्या लक्षात आलीच असेल. बोलताना फुगला तर लोक हसतात, पेपरात फुगला की नापास.

सात वर्षं संसार सुखाचा झाला. मग आमची पोरगी पहिलीत घालायची वेळ आली. शाळेच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'वडिलांचे शिक्षण'. बायकोनं माझ्यादेखत, मोत्यासारख्या अक्षरात, शाईनं लिहिलं, 'दहावी पास'. आणि वर तो कागद वाळायला फुंकर मारली. मी आजवर लाखभर थापा मारल्या असतील, पण त्यातली एकही कुणी इतक्या सुंदर अक्षरात लिहून त्यावर फुंकर मारली नव्हती.  

पोशेऱ्यात एक निवृत्त गुरुजी राहायचे. त्यांनीच मला चौथीत असताना सगळ्यात जास्त बदडलं होतं, म्हणून विश्वास होता. त्यांच्या पायाशी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "रोज ये. पाऊण तास. पण बोलायचं नाही, फक्त वहीत लिहायचं." ती माझी सव्वाबारा ते एक. माझ्या जेवणाची वेळ. भाकरी मी गाडी चालवताना खायचो आणि थांबून गणित खायचो. मार्चच्या परीक्षेला राहिलेल्या विषयाचा फॉर्म भरलेला होता. पास झालो तर त्या फॉर्मवरची शाई खरी होणार होती, आणि कुणाला काही सांगावंच लागणार नव्हतं. नापास झालो तर पुन्हा नापास झाल्याचं निदान कुणाला कळणार तरी नव्हतं. सगळा डाव गुपितावर उभा होता. आणि त्या गुपिताला आता रोज एक खिळा मिळत होता.

तर साहेबांनी विचारलं, हे काय आहे.

"इंजिन तापतं साहेब."

"रोज? बरोब्बर सव्वाबाराला?"

"घड्याळासारखं इंजिन आहे साहेब."

दुसऱ्या दिवशी साहेबांनी स्वतः बॉनेट उघडून पाहिलं. इंजिन काही तापत नव्हतं. मग मी बिबट्या काढला. पोशेऱ्याच्या वळणावर एक बिबट्या रोज सव्वाबाराला रस्त्याच्या मधोमध येऊन बसतो. म्हातारा आहे, गुडघे गेलेत, उठायला पाऊण तास लागतो. हॉर्न द्यावा तर माझ्या मनाला पटत नाही.

"रविवारी नाही बसत?" साहेबांनी विचारलं.

"रविवारी मी जातच नाही साहेब. मला कसं कळणार?"

साहेब हसले नाहीत. त्यांनी कानामागची पेन्सिल काढली, परत ठेवली आणि म्हणाले, "सोमवारपर्यंत लेखी खुलासा द्या. नाहीतर मला हेड ऑफिसला कळवावं लागेल."

बिबट्याची गोष्ट दुपारपर्यंत स्टँडवर पोचली आणि तिथल्या लोकांनी तिचा अर्थ लावला. बिबट्या साडी नेसतो, असा तो अर्थ होता. कोण म्हणे पोशेऱ्याची, कोण म्हणे पोशेऱ्यात माहेरपणाला आलेली. आणि इथं मला माझी लाज कबूल करायला हवी. मी ते नाकारलं नाही. 'बेचाळीस' म्हणून चिडवणारे तेच लोक आता मला चहा पाजून बाजूला घेत होते, "सांग तर खरं." मी मिशीवरून हात फिरवून गप्प बसायचो. नापास म्हणवून घेण्यापेक्षा हे बरं वाटत होतं. असा मी शहाणा.

मेस्त्रीनंच मला टोकलं. तो भिवंडीला दहा वर्षं राहिलेला, रागावला की हिंदीत जायचा. "अरे ए, तेरे को मजा आ रहा है. घरवाली का सोचा क्या? माझ्या बायकोनं नळावर ऐकलं. तुझीला पन कोनीतरी सांगितलंच असेल."

सांगितलं होतंच. घरी गेलो तर बायकोनं ताट वाढलं. भांडण नाही, आवाज नाही. भाजी होती, भाकरी होती. भाकरीच्या एका कडेचा तुकडा तिनं आधीच तोडून काढलेला होता. बरोबर सव्वाबारा ते एकच्या मधे. मी ताटाकडं बघितलं, तिच्याकडं बघितलं. ती पोरीची वेणी घालत होती.

सोमवारी मी खुलाशाचा कोरा कागद पुढं घेऊन ऑफिसात बसलो होतो. काय लिहावं सुचत नव्हतं. गणित लिहिलं तर तो कागद हेड ऑफिसला जाणार, त्याआधी भिंतीवर लागणार, त्याआधी स्टँडवर. तेवढ्यात दारात बायको. घरातली साडी बदलून, बाजाराला जायची नेसून, पोरीला शेजारणीकडं ठेवून. ऑफिसात ती त्याआधी कधी आली नव्हती. तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. आधी भिंतीसमोर उभी राहिली. सगळ्या भाकऱ्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाचल्या. आमच्या मेस्त्रीनं पाना खाली ठेवला.

"बसा वहिनी," साहेब उठून म्हणाले.

"बसत नाही साहेब. एवढंच विचारायचं होतं, हे भिंतीवर कुणासाठी लावलंय?"

"कामासाठी, वहिनी. गाडी कुठं जाते, किती वेळ थांबते..."

"काम झालं नाही असा एखादा पंप आहे का?"

मेस्त्री कोपऱ्यातून म्हणाला, "एक पन नाय. औंदा तर दिवाळीपासून एकही पडून नाय ठेवला."

"मग पाइप उशिरा पोचले का कधी?"

"नाय वैनी."

"जेवायची सुट्टी किती असते साहेब?"

"पाऊण तास," साहेब म्हणाले, आणि म्हणता म्हणता त्यांची नजर भिंतीकडं गेली. इतके दिवस पट्टी लावून मोजलेला पाऊण तास त्यांनी तेव्हा पहिल्यांदा मोजला.

"तरीपण वहिनी, गाडी संस्थेची आहे. ती कुठं उभी असते ते विचारणं माझं कामच आहे."

"गाडी संस्थेची," बायको म्हणाली. "माणूस माझा. गाडीला काय विचारायचं ते गाडीला विचारा. जेवायच्या सुट्टीत हा कुठं थांबतो ते विचारायचा हक्क माझा आहे, आणि मी अजून विचारलेलं नाही. मी विचारायच्या आधी पोस्टमनला कळलं. हे बरं दिसतं का?"

साहेब भिंतीकडं बघत राहिले. मग त्यांनी खुर्ची ओढली, तिच्यावर चढले आणि एकेक भाकरी खिळ्यावरून उतरवायला लागले. सगळ्या उतरवून टेबलावर चळत केली. म्हणाले, "चुकलं माझं, वहिनी. शिस्त म्हणून केलं होतं." मग माझ्यापुढचा कोरा कागद त्यांनी स्वतः ओढून घेतला आणि खुलाशाऐवजी त्याच्यावर नियम लिहिला. भाकरी संध्याकाळी ड्रायव्हरनं काढायची, आधी त्यानं पाहायची, मग पाकिटात घालून, पाकीट चिकटवून, वर सही करून कपाटात. अपघात झाला किंवा कुणाची तक्रार आली तरच पाकीट उघडायचं, आणि तेही ड्रायव्हरसमोर. जेवायच्या सुट्टीबद्दल विचारायचं नाही. सहीखाली दोन रेघा मारल्या. हेड ऑफिसलाही त्यांनी तसंच कळवलं, आणि नवल म्हणजे हेड ऑफिसनं ते मान्य केलं. बहुतेक तिथं कुणी वाचलं नसावं.

"ड्रायव्हर, वहिनींना घरी सोडून या," साहेब म्हणाले.

बायको जीपमध्ये पुढं बसली. आम्ही एसटी डेपोच्या पुढच्या उतारावर आलो. मग तिनं काळ्या पेटीकडं बोट दाखवलं.

"ही ऐकते का?"

"नाही. चालली आणि थांबली, एवढंच लिहिते."

"मग थांबवा."

मी गाडी कडेला घेतली. तिनं विचारलं, "आता मी विचारते. कोण आहे पोशेऱ्यात?"

मी बिबट्याला सुरुवात केली होती, शप्पथ. तोंड उघडलं होतं. पण तिच्याकडं बघितलं आणि बिबट्या उठून निघून गेला, गुडघ्यांची तक्रार न करता. मी सगळं सांगितलं. मॅट्रिक, सासरे, न तोडलेला तो शब्द, फॉर्म, फुंकर, गुरुजी.

ती समोर काचेतून बाहेर बघत म्हणाली, "सात वर्षं?"

"सात."

"आणि मी शाईनं लिहिलं."

"म्हणूनच तर."

"लोक सांगत होते बाई आहे. बाई असती तर भांडले असते हो मी. आता गणिताशी कसं भांडू?" असं म्हणून तिनं डोळ्यांना पदर लावला. मला वाटलं रडते. खांदे हलत होते. नीट बघितलं तर हसत होती. मग खरंच थोडी रडली. मग विचारलं, "मला का नाही सांगितलं? मी घरीच शिकवलं असतं."

"तू मारलं असतंस."

"हो," ती विचार करून म्हणाली. "मारलं असतं."

संध्याकाळी मी नियमाप्रमाणं भाकरी काढली. उतारावर अकरा मिनिटांचा एक नवा चावा होता. साहेब समोरच बसले होते. मी पाकिटावर सही केली. त्यांनी पाकीट हातात घेतलं, उजेडाकडं धरल्यासारखं केलं, मग पटकन कपाटात टाकून कुलूप लावलं, आणि उगाच दोनदा ओढून पाहिलं.

तेव्हापासून त्या पेटीशी माझं जमलं. आधी भाकरी मी बघणार असा नियम होता, म्हणून पाकिटात घालायच्या आधी मी तिच्यावरच्या रेघा माझ्या वहीत उतरवून घ्यायचो. वही गुरुजींनी बघितली आणि खूश झाले. पुस्तकातल्या आगगाड्या त्यांनी बंद केल्या. "हा तुझा आलेख. इतक्या वेळात इतकं अंतर, वेग काढ. आता चढ आहे म्हणून वेग निम्मा, किती वेळ लागेल ते सांग." काळ, काम, वेग या गोष्टी मी शाळेत तीन वर्षं घोकल्या आणि त्या कधी अंगाला लागल्या नव्हत्या. आता त्या माझ्याच टायरखालून जात होत्या. मी उत्तर सांगितलं की गुरुजी म्हणायचे, "तोंडातलं सांगू नको, भाकरीतलं सांग." त्या पेटीसमोर मला एकही आकडा फुगवता येत नव्हता. तिच्यासारखा शिक्षक मला लहानपणी मिळता तर आज मी कुठल्या कुठं असतो, आणि बिचारा हा मजकूर कुणी लिहिला असता?

बायको रोज संध्याकाळी वही तपासायची. मारायची नाही. चुकलेल्या गणितावर फुंकर मारायची, ते जास्त लागायचं.

मार्च आला. परीक्षेचं केंद्र मोखाड्यात. मेस्त्रीचं काम त्या दिवशी तिथंच जवळच्या पाड्यावर होतं, पण मधे पाइप आणायची फेरी होती. मी आदल्या दिवशी साहेबांपुढं उभा राहिलो.

"साहेब, उद्या मला तीन तास हवेत. अकरा ते दोन. पाइप मी आज पहाटेच नेऊन ठेवले आहेत. कशाला हवेत ते सांगणार नाही."

साहेबांची पेन्सिल कानामागून हातात आली. टेबलावर टेकली. टोक मोडलं. त्यांनी ते मोडलेलं टोक बघितलं. ज्या माणसाला चार मिनिटांची रेघ झोपू देत नसे, त्याच्याकडं मी कारण न सांगता तीन तास मागत होतो. भूक लागलेल्या माणसापुढं बंद डबा ठेवावा तसं झालं असेल.

"गाडी सावलीत लावा," भिंतीवरचं मार्चचं कॅलेंडर बघत ते शेवटी म्हणाले.

त्या दिवसाची भाकरी मी आधी पाहिली. अकरा ते दोन एक सरळ, स्वच्छ, न थरथरणारी रेघ. पेपरात मात्र मी इतकी खाडाखोड केली की तिच्या आवाजानं पुढच्या बाकावरच्या पोरीनं दोनदा मागं वळून बघितलं. पाकीट चिकटवलं, सही केली. साहेबांनी कपाटात ठेवलं. "सगळं ठीक?" एवढंच विचारलं. हा प्रश्न नियमात बसतो की नाही याचा विचार करत मी म्हणालो, "ठीक."

निकाल जूनमध्ये लागला. बायकोनं मार्कशीट दोन्ही हातांत धरून वाचली, आणि पोरीच्या शाळेच्या कागदांच्या पिशवीत ठेवून दिली. तिला कुठंच काही खोडावं लागलं नाही.

त्या वर्षीच दिवाळीच्या सुमाराला साहेबांची बदली झाली. निरोपाचा चहा झाला, मेस्त्रीनं नव्या हार्मोनियमवर, जी शेवटी वर्गणी काढून आणली होती, भजन म्हटलं. साहेबांनी किल्ल्या सोपवल्या. मग कपाटातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. मार्चमधलं. चिकटवलेलं, माझी सही तशीच, कडेचा डिंकसुद्धा न हललेला.

"ही तुमची भाकरी. ऑफिसात ठेवायचं आता कारण नाही."

मी म्हणालो, "साहेब, उघडली नाहीत?"

"नियम मीच लिहिला होता." त्यांनी पेन्सिल कानामागं खोचली. जीपमध्ये बसले, त्यांना स्टँडवर मीच सोडणार होतो. उतार लागला, काटा बेचाळीसवर आला, तेव्हा समोर बघतच म्हणाले, "ड्रायव्हर, एक विचारू? नियमाबाहेरचं आहे."

"विचारा की साहेब."

"तो म्हातारा बिबट्या. पास झाला का?"

माझा पाय आपोआप ब्रेकवर गेला. त्या दिवसाच्या भाकरीवर तिथं एक बारीक खाच आली असणार.

"झाला साहेब. बेचाळीस टक्के."

साहेब पहिल्यांदाच मोकळं हसले. म्हणाले, "तेही उतारावरच?"

"नाही साहेब," मी म्हणालो. "हे चढावर."